जर्मन गाडी आणि अर्धापूरचा मालक
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला बजावलं होतं की शाळेच्या आठवणी सगळेच सांगणार आहेत, तू गाडीवर बोल. नोकरीची बावीस वर्षं मी चाकणच्या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवण्यात काढली आणि आता जुनी घेतलेली एक जर्मन गाडी स्वतः वापरतो. म्हणून हा विषय माझ्या वाट्याला आला. गाडी कोणत्या कंपनीची ते इथे सांगत नाही. तिचं कौतुकही करणार आहे आणि गाऱ्हाणंही, आणि गाऱ्हाणं नाव घेऊन करू नये, अशी आपल्या गुरुजींची शिकवण आहे.

गावात आलो की प्रश्न तीनच असतात. केवढ्याला पडली? अ‍ॅव्हरेज काय देते? आणि तिसरा, जरा आवाज खाली घेऊन, "खरं सांग, परवडायली का?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं एका ओळीत संपतात. आजचं भाषण तिसऱ्याचं आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. जर्मन गाडी म्हणजे काहीतरी परकं, मोठ्या शहरातलं, असं आपल्याला वाटतं. पण अर्धापुरात जर्मन यंत्र आपल्या जन्माच्या आधी येऊन बसलंय. आपण ज्याला टेम्पो म्हणतो ना, तो शब्द एका जर्मन कंपनीच्या नावाचा आहे. हॅम्बुर्ग शहरात विडाल अँड झोन नावाची कंपनी टेम्पो नावाची छोटी मालवाहू गाडी बनवायची. १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी आपल्याकडे उभी राहिली आणि हॅन्सिएट नावाची तीनचाकी रस्त्यावर आली. नवलमल फिरोदियांचं नाव या उद्योगाशी कायमचं जोडलेलं आहे. त्या तीनचाकीचं नाव आपल्या भाषेत इतकं मुरलं की आज कुठल्याही कंपनीची छोटी मालगाडी आपल्याला टेम्पोच वाटते. पुढे याच कंपनीची मॅटाडोर आली, ट्रॅक्स आली. वारंगा फाट्यावरून काळी-पिवळी ट्रॅक्समध्ये चौदा माणसांत पंधरावे बसून जे कॉलेजला गेले, त्यांनी सगळ्यांनी त्या जर्मन नात्यातच प्रवास केलाय. हीच कंपनी आता फोर्स मोटर्स या नावाने मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूसाठी इंजिनं जुळवून देते.

टाटाचा ट्रक घ्या. १९५४ साली टेल्कोने जमशेदपुरात डाइम्लर-बेंझ कंपनीशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली. पंधरा वर्षं त्या ट्रकच्या तोंडावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा होता. १९६९ला करार संपला, तारा गेला आणि त्याच्या जागी टाटाचा टी आला. तारा गेला तरी आकड्यांची पद्धत राहिली. आपली केळी ज्या चारशे सातमध्ये जातात, त्यातला चार म्हणजे साधारण चार टन वजन आणि सात म्हणजे सत्तरच्या आसपास अश्वशक्ती. ही मोजायची रीत मर्सिडीजच्या ट्रकांची.

आणि डिझेल? डिझेल हे माणसाचं आडनाव आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ साली आउग्सबुर्ग इथे आपलं इंजिन यशस्वी चालवून दाखवलं. आपल्या वडिलांच्या पिढीने विहिरीवर जी इंजिनं चालवली, ती याच तत्त्वावर. त्यावरचा पंप आणि नोझल मायकोचा असला की वडीलधारी माणसं निश्चिंत असायची. मायको म्हणजे १९५१ साली भारतात सुरू झालेली बॉशची कंपनी. तिने २००८ला नाव बदलून बॉश असंच केलं. सांगायचं एवढंच, की इसापूरचं पाणी येण्याआधी आपल्या केळीला जे पाणी मिळालं, त्यात जर्मनीचा थोडा हात आहे.

आता सुखाकडे येतो.

या गाडीचं पहिलं सुख तिच्या दारात आहे. दार लावलं की "धप्प" असा एकच आवाज येतो आणि बाहेरचं जग बाहेर राहतं. ज्यांनी आयुष्यभर दार दोनदा आपटून "लागलं का रे?" असं विचारलंय, त्यांना या धप्पची किंमत कळेल. दुसरं सुख सीटचं. माझ्या वडिलांच्या कमरेचं दुखणं जुनं आहे. नांदेडहून पुण्यापर्यंत साडेचारशे किलोमीटर बसून ते उतरले आणि स्वतःच्या पायाने जिना चढले. त्या दिवशी घरातल्यांनी या गाडीच्या सगळ्या खर्चावर तोंड मिटलं. निदान महिनाभर.

पण खरं सुख ब्रेकमध्ये आहे. वेगाचं कौतुक सगळे करतात, ते सोपं आहे. आपल्या रस्त्यावर रात्री बिनलाइटचा ट्रॅक्टर असतो, मागे उसाची ट्रॉली असते, अचानक म्हैस असते, आणि उलट्या बाजूने येणारा मोटारसायकलवाला तर असतोच. अशा वेळी पाय दाबल्यावर गाडी सरळ रेषेत थांबणं, ही श्रीमंती आहे. चाकं जाम होऊ न देणारं एबीएस १९७८ साली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं, ते बॉशने तयार केलेलं. घसरणारी गाडी सावरणारं ईएसपी १९९५ साली, तेही याच दोघांच्या कामातून. आणि धडक बसल्यावर पुढचा भाग चुरगळून आतल्या माणसाचा मार कमी व्हावा, ही कल्पना बेला बारेन्यी या मर्सिडीजच्या इंजिनिअरची, पन्नासच्या दशकातली. आपल्याकडे अजूनही लोक म्हणतात, "जुन्या गाडीचा पत्रा काय जाड होता, ठोकली तरी वाकत नव्हती." बरोबर आहे. पत्रा वाकत नव्हता, म्हणून आतला माणूस वाकायचा.

पण जर्मन बिल्ला पाहून डोळे मिटू नका. २०१४ साली ग्लोबल एनकॅपने भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्यांची धडक चाचणी घेतली. तेव्हा बिना एअरबॅगच्या फोक्सवॅगन पोलोला मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. नंतर कंपनीने दोन एअरबॅग सगळ्या पोलोंमध्ये बसवल्या, आणि तशा गाडीला चार तारे मिळाले. गाडी तीच, सांगाडा तोच. फरक मालाच्या यादीत होता. तेव्हा शोरूममध्ये गेलात तर सनरूफ आहे का, हे नंतर विचारा. एअरबॅग किती, ईएसपी आहे का, हे आधी विचारा. आणि मागे बसणाऱ्या वहिनींना बेल्ट लावायला सांगा.

आता गाऱ्हाणं.

दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात, रविवारी संध्याकाळी, हिंगोलीहून येताना डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. गाडीने स्वतःच ठरवलं की आता चाळीसच्या वर जायचं नाही. अशा गाड्यांत काही बिघाड जाणवला की संगणक इंजिनाची ताकद कमी करतो, इंजिन वाचावं म्हणून. हेतू चांगला आहे, पण मागून येणाऱ्या ट्रकला तो सांगता येत नाही. कसंबसं अर्धापूर गाठलं. आपल्या गावच्या मिस्त्रीने बॉनेट उघडलं, आत काळं प्लास्टिकचं झाकण पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, इथं हात कुठं घालायचा तेच दिसंना."

तो काही लेचापेचा मिस्त्री नाही. ट्रॅक्टरचा आवाज ऐकून कोणता सिलिंडर मार खातोय हे सांगणारा माणूस आहे. पण या गाडीशी बोलायला आधी स्कॅनर लागतो, त्या कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, आणि काही सुटे भाग नवे बसवले तरी संगणकाने ओळखल्याशिवाय चालत नाहीत. शेवटी गाडी दुसऱ्या गाडीवर चढवून अडीचशे किलोमीटरवरच्या शहरात नेली. तिथे बारा दिवस. बिघाड कसला, तर बोटाएवढा सेन्सर. वस्तू साडेसात हजारांची, आणि ती बदलण्यासाठी नेण्या-आणण्याचा खर्च त्याच्या दुपटीहून जास्त. मधल्या काळात मी लग्नाकार्याला एसटीने हिंडलो, आणि एसटीत भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, "गाडी कुठाय?"

आणखी एक दुखणं सांगतो, कारण ते आपल्या गावच्या माणसाला शोरूममध्ये कोणी सांगत नाही. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. काजळी साठली की ती जाळून टाकायला गाडी सलग काही वेळ, बऱ्या वेगाने पळावी लागते. आता आपली गाडी करते काय? घर ते शेत तीन किलोमीटर, शेत ते बाजार दोन किलोमीटर, आणि एसी चालू ठेवून हॉटेलसमोर अर्धा तास उभी. इंजिन नीट तापतही नाही. गाळणी तुंबते आणि बिल येतं. ज्याचं रोजचं जाणं-येणं गावातल्या गावात आहे, त्याने असली डिझेल गाडी घेणं म्हणजे शर्यतीचा घोडा गिरणीला जुंपणं.

बाकी किरकोळ आहे. टायरची उंची कमी, त्यामुळे खड्डा थेट रिमला भेटतो. काही गाड्यांत स्टेपनीच नसते. उन्हाळ्यात पारा त्रेचाळीसवर गेला की रबराचे नळ आणि प्लास्टिकच्या टाक्या लवकर म्हाताऱ्या होतात. आणि उंदीर! हळदीच्या गोदामाजवळ गाडी लावली की रात्रीत वायर कुरतडलेली. त्या उंदराला जर्मन आणि देशी असा भेद नाही, पण बिलाला आहे.

या सगळ्याच्या वर समाजाचं दुखणं. भाजीवाली चार रुपये जास्त सांगते. वर्गणीवाले पावती फाडताना आधी गाडीकडे बघतात. प्रत्येक लग्नसराईत "नवरदेवाला तेवढी दे" असे तीन-चार फोन येतात. गाडी फुलांच्या चिकटपट्टीने माखून परत येते, डिझेलचा काटा तळाला, आणि वर "लई भारी चालते बरं का" हे प्रशस्तिपत्र.

मग ही गाडी अशी का? हे मला कारखान्यात काम करताना समजत गेलं. जर्मन गाडी ज्या देशासाठी बनते, तिथे नव्या गाडीची तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी असते. ब्रेक, चाकं, धूर, गंज, सगळं पाहतात. पास झाली तर नंबरप्लेटवर शिक्का, नाहीतर रस्त्यावर आणायची नाही. आपल्याकडे खासगी गाडीची पहिली तपासणी नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी, पंधरा वर्षांनी. म्हणजे तिथला इंजिनिअर गाडी रेखाटतानाच धरून चालतो की मालक वेळेवर तेल बदलणार, सांगितलेलंच तेल घालणार. ब्रेकच्या तेलाचंच बघा. ते हवेतला ओलावा शोषतं, म्हणून गाडी उभी असली तरी साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. या मंडपात किती जणांनी ते शेवटचं कधी बदललं? हात वर करू नका, गुरुजी बघताहेत.

आपली रीत वेगळी. "चालायलीय ना, मग चालू दे." ही रीत चारशे सात सहन करते, ट्रॅक्टर सहन करतो, कारण ते तसेच बनवलेले आहेत. जर्मन गाडी सहन करत नाही. ती काही दिवस गप्प बसते आणि मग एकदम हिशोब मागते.

पण रस्त्यावर गाडी दुरुस्त करण्याची आपली जी कला आहे, तिला मी कमी लेखत नाही. कार्ल बेंझने १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीचं पेटंट घेतलं, पण तिला घेऊन पहिला लांबचा प्रवास केला त्यांच्या बायकोने. ऑगस्ट १८८८मध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन पोरांना घेऊन मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाल्या. शंभरेक किलोमीटर. वाटेत इंधन संपलं तर औषधाच्या दुकानातून घेतलं. इंधनाची नळी तुंबली तर टोपीच्या पिनेने साफ केली. ब्रेक झिजले तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. म्हणजे जर्मन मोटारीची पहिली दुरुस्ती आपल्या मिस्त्रीच्याच पद्धतीने झाली. तेव्हा मालकाला बॉनेट उघडता येत होतं, आज ते कुलूपबंद होत चाललंय. ज्याच्याकडे सॉफ्टवेअरची किल्ली, त्याच्याच हातात गाडी. माझी खरी तक्रार खर्चापेक्षा याची आहे. पैसे मोजून घेतलेली वस्तू आपल्या गावात दुरुस्त होऊ नये, हे मला बोचतं.

आणि शिस्तीची गोष्ट निघालीच आहे तर हेही सांगितलं पाहिजे, की जर्मन म्हणजे सगळे हरिश्चंद्र नव्हेत. २०१५ साली फोक्सवॅगनचं पितळ उघडं पडलं. तपासणीच्या वेळी धूर कमी दाखवणारं सॉफ्टवेअर त्यांनी डिझेल गाड्यांत घातलं होतं. भारतातही सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवायचं त्यांनी जाहीर केलं आणि २०१९मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पाचशे कोटींचा दंड ठोठावला. तेव्हा आदर यंत्राचा करा, बिल्ल्याची पूजा करू नका.

आता ज्या कारणासाठी हे सगळं बोलतोय, तिकडे वळतो.

आपल्या मराठवाड्यात जर्मन गाडीची सगळ्यात गाजलेली गोष्ट २०१० सालची. ऑक्टोबरमध्ये औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, गट करून दीडशेच्या आसपास मर्सिडीज एकदम घेतल्या गेल्या. किंमत पासष्ट कोटी. देशभर बातमी झाली. आपल्यालाही बरं वाटलं, मागास म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली. त्याच वर्षाच्या शेवटी पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये दुसरी बाजू मांडली. स्टेट बँकेने त्या गाड्यांना सात टक्क्यांनी कर्ज दिलं होतं, आणि त्याच काळात शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी जवळपास दुप्पट दर पडत होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ज्यांनी गाड्या घेतल्या त्यांच्यात उद्योजक होते, डॉक्टर होते, त्यांनी ऐपतीने घेतल्या. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

माझं म्हणणं आपल्याबद्दल आहे. आपल्या भागातून रस्ते जातायत, आणखी मोजण्या होतायत. कोणाला जमीन द्यायची आहे, कोणाला द्यायची नाही, त्यावर इथेच दोन मतं आहेत, आणि तो प्रत्येकाचा हक्क आहे. पण ज्यांच्या खात्यात मोबदला पडेल, त्यांच्या घरातल्या पोराच्या मोबाइलवर त्याच रात्री जुन्या जर्मन गाड्यांचे फोटो येतील. नवी साठ लाखांची गाडी आठ वर्षांनी बारा-चौदा लाखांत मिळते, हे खरं आहे. पण किंमत बारा लाखांवर आली तरी तिचे सुटे भाग साठ लाखांच्या गाडीचेच राहतात. जमीन एकदाच विकली जाते, सर्व्हिसिंग दरवर्षी येतं.

म्हणून गाडीच्या हौशी पोरांना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. एक, गाडीच्या किमतीचा निदान दहावा हिस्सा दरवर्षी देखभालीला बाजूला ठेवता येत असेल, तरच पुढे जा. दोन, सर्व्हिसची सगळी कागदं पाहिल्याशिवाय आणि स्कॅनर लावून तपासल्याशिवाय जुनी गाडी घेऊ नका, मग विकणारा मावसभाऊ असला तरी. तीन, महिन्यातून चार लांबचे फेरे नसतील तर डिझेलचा नाद सोडा. चार, घरात दुसरी साधी गाडी असू द्या. जर्मन गाडी एकुलती एक असू नये, तिचे आजारपण लांबतं.

आणि एवढं सगळं ऐकूनही ज्याला ही यंत्रं मनापासून आवडतात, अशा पोराला मी वेगळं सांगेन. बाळा, गाडीचा मालक व्हायच्या आधी तिचा जाणकार हो. संभाजीनगरात इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथे डाय आणि साचे बनवण्याचं काम शिकवतात. त्याच शहराजवळ शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना २००१ पासून आहे, ऑडीही तिथेच जुळवली जाते. पुण्यात शासकीय तंत्रनिकेतनात मर्सिडीजच्या सहकार्याने मेकॅट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम चालत आला आहे. आणि २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. ते राज्य म्हणजे मर्सिडीजचं, पोर्शेचं आणि बॉशचं घर. तिथे मिस्त्री व्हायला साडेतीन वर्षं रीतसर शिकावं लागतं, शिकताना पगार मिळतो, आणि शिकून बाहेर पडलेल्या माणसाला समाजात मान असतो. आपल्याकडे "नापास झालास तर गॅरेजात घालीन" अशी धमकी देतात. ही धमकी आपण बंद केली पाहिजे.

संयोजकांपुढे एक विनंती ठेवतो. आपल्या शाळेतून दहावी झालेल्या एका मुलाची किंवा मुलीची, हो, मुलीचीसुद्धा, बर्थाबाईंना आठवून म्हणतो, अशा तंत्रशिक्षणाची फी आपल्या बॅचने दरवर्षी भरावी. माझ्या गाडीच्या एका वर्षाच्या सर्व्हिसिंगला जेवढे लागतात, तेवढे पहिल्या वर्षी मी देतो. आकडा संयोजकांना कानात सांगितला आहे. ऐकून त्यांनी लगेच होकार दिला आणि माझ्याकडे जरा दयेने पाहिलं.

असा एक जरी पोरगा शिकून स्कॅनर घेऊन अर्धापुरात बसला, तर मला अडीचशे किलोमीटर जावं लागणार नाही. माझा यात स्वार्थ आहे, तो मी लपवत नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र द्यायचं राहिलं. परवडते का? ज्याला तिची काळजी घ्यायला सवड आहे आणि पैसे बाजूला आहेत, त्याला परवडते. मला परवडते, पण दरवर्षी वहीत हिशोब मांडूनच.

जेवण तयार आहे, केळीची शिकरण आपल्याच मळ्यातली आहे. चला.